जर्मनीला गेलं की आशीर्वाद, मलावीला गेलं की डोक्यावर परिणाम?

आज उपासनेनंतर चहाच्या वेळी जे झालं ते लिहूनच टाकते, नाहीतर रात्री झोप यायची नाही आणि उद्या मॉर्निंग शिफ्ट आहे. नावं घेणार नाही, मंडळीचं पण नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

तर आमच्यातल्या एका मुलाचं जर्मनीचं फायनल झालं. नर्सिंगचंच. पोरानं ड्युट्या सांभाळून जर्मन भाषेची बी-टू परीक्षा काढली, खरंच कष्ट केलेत, धाकट्या भावासारखा आहे मला, मनापासून आनंद झाला. पुढे बोलावून उपकारस्तुतीची प्रार्थना झाली, डोक्यावर हात ठेवले, दोघातिघांचे डोळे भरून आले, बाहेर पेढे. छान. मग एका काकांनी मला विचारलं, तुझं काय गं, तू पण काढ की बी-टू. मी सरळ सांगून टाकलं, काका मी मलावीला जायचं म्हणतीये, मिशन हॉस्पिटलमध्ये, अर्ज दिलाय.

"मालदीव?"

नाही काका. मलावी. आफ्रिकेत.

पेढा तोंडात तसाच. मग पहिला प्रश्न, "पगार किती?" दुसरा, "आणि लग्न?" आणि तिसरा मला नाहीच, मम्मीला, माझ्यादेखत, "हिला जरा कोणाशी बोलायला लावा, हल्ली मुलींना डिप्रेशन असतं."

म्हणजे बघा हां. युरोपात पगारासाठी गेलं तर देवानं दार उघडलं. आफ्रिकेत देवासाठी गेलं तर डॉक्टरला दाखवा. हेच काका मिशन संडेला सगळ्यात मोठ्या आवाजात गातात, हेच "पीक फार आहे पण कामकरी थोडे" म्हणून प्रार्थना करतात, आणि कामकरी म्हणून एक जण समोर उभा राहिला की त्याला पगार विचारतात. कामकरी हवेत, पण दुसऱ्याच्या घरातले.

आणि आपण स्वतः कुठून आलो ते तरी आठवा ना. माझी आजी नगरची, मिशनच्या शाळेत शिकलेली. ती कायम फरारबाईंचं सांगायची, म्हणजे तिनं काही पाहिलं नव्हतं, तिच्या आजीकडून ऐकलेलं. सिंथिया फरार, 1827 साली अमेरिकेहून मुंबईत आल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, 1862 ला तिथेच गेल्या. लग्न केलं नव्हतं. सावित्रीबाई शिकवायचं ट्रेनिंग घ्यायला नगरला त्यांच्याकडेच गेल्या होत्या, हे तरी आपल्या लोकांना माहीत असावं. त्या बोटीवर चढताना तिकडच्या कोणा काकांनी पगार विचारलाच असेल म्हणा. त्यांच्या आधी 1813 ला गॉर्डन हॉल हा अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरला तर कंपनी सरकारनंच त्याला परत पाठवायचा घाट घातला, तरी राहिला, आणि 1826 ला नाशिकच्या बाजूला कॉलऱ्यानं गेला. मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल एका कॅनडाच्या डॉक्टरनं उभं केलं. आपल्या घराघरात ज्या नर्स झाल्या, मास्तर झाले, ते सगळं कोणाच्या तरी पोरानं "आई मी चाललो" म्हटल्यावर सुरू झालंय. हो, त्यातले काही साहेबाच्या तोऱ्यातच आले, आपल्या लोकांना अडाणी समजले, मान्य आहे. पुढे.

आता मलावीच का. हे आज चहाला कोणी विचारलंच नाही, म्हणून इथे सांगते.

मागे आमच्या वॉर्डात मलावीहून एक बाई आली होती, मुलाच्या हार्टच्या ऑपरेशनसाठी. पुण्यात आफ्रिकेतले पेशंट येतात, नवीन काही नाही. माझी नाईट होती. मी चादर बदलायला गेले तर तिनं ती माझ्या हातातून काढूनच घेतली. "सिस्टर, यू सिट." आणि काय बदलली! कोपरे असे घडी करून दाबले की आमच्या स्टुडंट्सना बोलावून दाखवावं. मुलाला पुसलं, पॉट दिलं, आणि मग शेजारच्या बेडवरच्या आजींचे नातेवाईक घरी गेले होते तर त्यांची पण चादर बदलायला निघाली. म्हटलं बाई, हे आमचं काम आहे. तिला पटेना. मग सांगायला लागली की त्यांच्याकडे पेशंटसोबत घरचं माणूस लागतंच, त्याला गार्डियन म्हणतात, तोच भरवतो, धुतो, कूस बदलतो, हॉस्पिटलच्या आवारात शेड असते तिथे चुली मांडून सगळे गार्डियन स्वयंपाक करतात. मी विचारलं, मग सिस्टर काय करते?

"सिस्टर असली तर औषध देते."

असली तर. ती हे तक्रार म्हणून बोलली नाही हो. आपण लाईट असली तर मोटर लावतो म्हणतो ना, त्या सुरात बोलली. आणि ते माझ्या डोक्यात दातात अडकलेल्या सुपारीसारखं बसलं, जीभ सारखी तिथेच.

आपल्याकडे साक्ष द्यायला उभे राहतात तेव्हा सगळ्यांना स्वप्न पडलेलं असतं, आवाज आलेला असतो, कधी कधी तर नकाशा पण दिसलेला असतो. मला असलं काही झालं नाही. पाचारण पाचारण म्हणतात, म्हणजे देवाचं बोलावणं, ते माझ्याकडे चादर ओढून घेणाऱ्या बाईच्या रूपानं आलं, आणि मी पुढचे कितीतरी महिने ते टाळलं, कारण माझंही जर्मनचं फॉर्म भरून झालं होतं. बायबलमधल्या योनाला देवानं निनवेला जा सांगितलं तर तो उलट्या दिशेचं तार्शीशचं तिकीट काढतो, तसं माझं तार्शीश फ्रँकफर्टच्या बाजूला होतं. क्लासला जायचे, डेर डी डास पाठ करायचे, आणि डोक्यात तीच बाई. प्रार्थना केली, उपास केला, पाळकसाहेबांशी बोलले (ते चांगले आहेत, त्यांनी "थांबून बघ" एवढंच सांगितलं, थांबले), जाईना. शेवटी क्लास सोडला. ज्यांना हे भावनिक वाटतंय त्यांना वाटू दे.

हो, मला माहितीये तुमच्यातले काही आता काय लिहिणार. मेळघाटात काय कमी आहे? नंदुरबार नाही दिसत का? दिसतं. बरोबर आहे, तिथे पण माणसं हवीत. पण हे जर्मनीला जाणाऱ्याला का नाही विचारलं कोणी? मेळघाट फक्त माझ्याच रस्त्यात आडवं का येतं?

दुसरं, हॉस्पिटलमधल्या एका मैत्रिणीनं, जवळच्या, हसत हसत विचारलं, "काय गं, धर्मांतर करायला चाललीस का?" हसत विचारलं तरी लागलं. तिला म्हटलं, अगं तिथले बहुसंख्य लोक आधीच ख्रिस्ती आहेत, माझ्याआधीपासून, माझ्यापेक्षा भाविक, मी कोणाचं काय करणार? तर लगेच, मग मिशनरी कशाला म्हणतेस, नर्स म्हण ना. आता हिला काय सांगू. मी जाणार ती येशूमुळेच जाणार, ते लपवू का? तिथल्या आरोग्यसेवेचा मोठा भाग चर्चची हॉस्पिटलं उचलतात, तिथे एक हात कमी आहे, तो माझा. आमिष दाखवून, आजारी माणसाच्या उशाशी बसून सौदे करणारे असतात, आहेत, मला पण चीड येते त्यांची. आणि तो अमेरिकन मुलगा 2018 ला चोरून अंदमानच्या सेंटिनेल बेटावर सुवार्ता सांगायला गेला, ज्यांना आपला साधा सर्दी-खोकला पण झेपायचा नाही अशा लोकांत, ते मला नाही पटलं, कितीही शूर म्हणा. पण त्याच्यामुळे मी पण तसलीच? व्हिसा काढून, तिथल्या नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन करून, तिथल्या मेट्रनच्या हाताखाली ड्युटी करायला चाललेली बाई?

आणि राग कशाचा येतो सांगू, 2000 च्या आसपास मलावीतल्याच कितीतरी नर्सेस इंग्लंडला गेल्या. त्यांना दोष नाही, पोट सगळ्यांना आहे. पण बघा, त्यांच्या इंग्लंडला, आपल्या जर्मनीला, आणि तिकडे वॉर्डात "असली तर". या सगळ्यात उलट्या दिशेनं एक जण निघाली तर तिलाच समुपदेशन.

त्या बाईचं अजून एक राहिलं. दुसऱ्या दिवशी त्या शेजारच्या आजींच्या सूनबाई आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, सिस्टर आमचा बेड बदलून मिळेल का, ती काळी बाई रात्रभर इथेच असते. जिनं रात्री त्यांच्या सासूची चादर बदलली ती. मी काही बोलले नाही, ड्युटीवर होते. बेड पण नाही बदलला. आज चहाच्या टेबलावर "आफ्रिकेत? त्या लोकांत?" असं ज्या आवाजात म्हटलं गेलं ना, तो आवाज मी ओळखते. आणि आपल्या लोकांनी असं बोलावं? आपल्याच हातचा चहा घेतला म्हणून 1890 ला याच पुण्यात पंचहौद मिशनचं एवढं मोठं ग्रामण्य झालं, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, टिळक-रानड्यांपर्यंत सगळे अडकले, कपबशीनं माणूस बाटतो म्हणे. ते आपल्याला हसत हसत सांगायला आवडतं. आणि आता आपणच?

मी नेटवर वाचत बसते रात्री, त्यात एक सापडलं ते आपल्या तरुण संघात कोणालाच माहीत नव्हतं. नाशिकचा शरणपूर रोड सगळ्यांना माहितीये. तिथे शरणपूरला मिशननं आफ्रिकन मुलांना सांभाळलं होतं, अरबी गलबतांवरून गुलाम म्हणून नेताना सोडवलेली पोरं. सुतारकाम, लोहारकाम, लिहायला-वाचायला शिकली. त्यातले काही 1860 नंतर परत पूर्व आफ्रिकेत गेले, मोंबासाच्या बाजूला, सुवार्तेच्या कामाला. जेकब वेनराइट म्हणून त्यातलाच एक, 1873 ला आफ्रिकेत फिरणारा मिशनरी लिव्हिंगस्टन वारला तेव्हा त्याच्यासाठी अंत्यविधीचे शब्द यानं वाचले, आणि पुढच्या वर्षी लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा द्यायला पण होता. चुमा, ज्यानं ते शव समुद्रापर्यंत आणलं, तो आजच्या मलावीच्याच बाजूचा, आणि मुंबईत मिशनरी डॉ. विल्सन यांच्या शाळेत शिकलेला. म्हणजे आपल्या महाराष्ट्रातून आफ्रिकेत मिशनला माणसं दीडशे वर्षांपूर्वी गेलीत आणि ती माणसं स्वतः आफ्रिकनच होती. मी काही पहिली नाही आणि कोणावर उपकार करायला पण चालले नाही. आपल्या केडगावचंच घ्या, 1905 ला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जे आत्मिक संजीवन झालं त्याची बातमी पार चिलीपर्यंत गेली आणि तिथे मंडळ्या उभ्या राहिल्या. दौंड लाईनवरचं केडगाव! आणि आपण मलावी म्हटलं की मालदीव ऐकतो.

असो. रागात खूप लिहिलं. आता मम्मीचं.

मम्मी चहाच्या वेळी एक शब्द बोलली नाही. रिक्षात पण नाही. घरी येऊन कुकर लावला आणि मग म्हणाली, "स्टेन्स साहेबांच्या बायकोनं कसं केलं असेल गं?" 1999 ला ओडिशात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लेकरांना जाळलं तेव्हा मी लहान होते, पण मम्मीनं टीव्हीसमोर बसून जे रडलेलं ते आठवतं. ग्लॅडिसबाईंनी माफ केलं आणि पुढे काही वर्षं कुष्ठरोग्यांचं काम बघत तिथेच राहिल्या. मम्मीच्या डोक्यात मिशनरी म्हणजे ते. तिला किती समजावलं की मलावी शांत देश आहे, तिथे फार तर मलेरिया होईल, तर "फार तर?" म्हणून आतल्या खोलीत गेली. पप्पा गेल्यापासून आम्ही दोघीच. काकांच्या प्रश्नांना माझ्याकडे उत्तरं आहेत, तिच्या या प्रश्नाला नाही. तिला सोडून जाणं बरोबर आहे का, हे मला देवानं सांगितलेलं नाही, जायचं तेवढं सांगितलंय. ज्यांना वाटतं पाचारण आलं की मनात नुसती शांती असते त्यांनी आमच्या घरी येऊन बघावं.

आणि त्या मलावीच्या बाईनं मला कधी "आमच्याकडे ये" म्हटलं नाही, हे पण लिहून ठेवते, नाहीतर तुम्ही साक्षीत घालाल. जाताना तिनं मायक्रोपोर टेपचे रोल कुठे मिळतील एवढंच विचारलं, तिकडे मिळत नाहीत म्हणून. मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणून दिले. मुलगा बरा होता, हसत गेला.

तर अर्ज गेलाय, मागे घेणार नाही. पगार नाही, मानधन आहे, ते सपोर्ट करणाऱ्यांवर चालतं, त्याबद्दल नंतर वेगळं लिहीन, आत्ता कोणी जीपे करू नका. स्थळं पाठवणाऱ्यांनी पण थांबा. खरंच मदत करायची असेल तर दोन गोष्टी. एक, पुण्यात मलावीचे स्टुडंट कोणाच्या ओळखीत असतील तर इनबॉक्स करा, तिथली चिचेवा भाषा शिकायची आहे, यूट्यूबवरून उच्चार जमत नाहीयेत. दोन, हडपसरच्या बाजूला राहणाऱ्यांनो, मी गेल्यावर मम्मीकडे अधूनमधून चक्कर टाकाल का ते सांगा. बीपीच्या गोळ्या घेतल्या का विचारा, ती घेतल्या म्हणेल, स्ट्रिप बघा. फक्त दुपारी एक ते चार सोडून या, तेव्हा ती दार उघडत नाही.