"मुलीला पाणी भरायला लावलं" या 1 स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार काका, रिव्ह्यू दोनदा वाचला. मुलीला आमच्यातर्फे व्हॉलंटियर म्हणून टांझानियातल्या खेड्यात शिकवायला पाठवलं आणि तिथे पाणी भरायला लावलं, वर्गावर एकटीला शिकवू दिलं नाही, गाडीची वेळ चुकवली, रस्ता बंद म्हणून दोन दिवस तिथल्या मोशी शहरात बसवून ठेवलं आणि तीन आठवड्यांत किलिमांजारो एकदापण दिसला नाही, असं तुमचं म्हणणं.

आधी गाडीचं, कारण तिथे चूक सरळसरळ आमची. स्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात, म्हणजे आपले सात वाजले की त्यांचा एक, आठ वाजले की दोन, "सा म्बिली". ड्रायव्हरने दोन सांगितलं, आमच्या ऑफिसातल्या नवीन पोराने तेच दोन पुढे व्हॉट्सअ‍ॅप केलं आणि गाडी सकाळी आठला दारात हॉर्न मारत उभी, तुमची मुलगी तोंडात ब्रश धरून बाहेर आली, बॅग भरलेली नाही, नाश्ता नाही. तिची माफी मी फोनवर मागितली आहे, तुमची इथे मागते. आता आम्ही वेळ लिहिताना "आपले सकाळचे आठ" असंच लिहितो.

रस्त्याचं पण अर्धं आमच्याकडे. मार्च ते मे तिथे मोठा पाऊस असतो, आणि आपल्या कॉलेजांना सुट्टी नेमकी मे मध्ये. पाऊस असेल हे आम्ही सांगितलं होतं, पण ब्रोशरमधले फोटो ऑगस्टचे, कोरडा रस्ता नि मागे स्वच्छ डोंगर, ते बघून कोणालाही वाटेल की रोज असंच दिसणार. फोटो बदलतोय. मोशीतल्या दोन रात्रींचे पैसे परत देते. डोंगराचं मात्र काय करू काका, 5895 मीटरचा आहे पण पावसात महिना महिना ढगात असतो.

पाण्याबद्दल मी नाही ऐकणार. ज्या घरी ती राहिली तिथे नळ घरात नाही, खाली रस्त्याला आहे, केळी नि कॉफीच्या बागेतून पायवाट जाते. त्या घरातली दहा वर्षांची पोरगी सकाळी बादली घेऊन जाते आणि तुमची मुलगी तिच्याबरोबर जायची, अर्धी बादली, तीपण वाटेत सांडत. घरच्या बाईंना तिथे "मामा" म्हणतात (आपला मामा नाही, तिकडे मामा म्हणजे आई), त्या पहिले चार दिवस तिला उठू देत नव्हत्या, हीच मागे लागली. पाहुणी म्हणून खाटेवर बसून राहायचं तर मग हॉटेलच बरं ना.

आणि शिकवायचं. तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेत सगळं स्वाहिलीत चालतं. सेकंड इयर बीकॉमच्या मुलीला, जिला "आसांते"च्या (म्हणजे धन्यवाद) पुढे काही येत नाही, एकटीला वर्गावर सोडायचं? उद्या आपल्या बडोद्यात, रावपुऱ्यातल्या शाळेत कोणी परदेशी पोरगा आला, तीन आठवडे वर्ग घेतला, मुलांबरोबर सेल्फी काढून निघून गेला, तर आपण चालवून घेऊ का? म्हणून आमची मुलं बाईंच्या बाजूला बसतात आणि दुपारी पाच-सहा पोरांना घेऊन इंग्लिश वाचन घेतात. शाळेतल्या मुलांचे फोटो त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, हे पण त्यातच आलं. फॉर्मच्या दुसऱ्या पानावर हे सगळं आहे, खाली तुमची सही आहे. परमिटचे पैसे जास्तीचे घेतले असंही खाली लिहिलंय तुम्ही, तर टुरिस्ट व्हिसावर शाळेत काम करता येत नाही, व्हॉलंटियरला वेगळा परमिट लागतो, पावती त्यांच्या सरकारची आहे, दाखवते.

जेवणाचं तुम्ही काही लिहिलं नाही, बहुतेक चार किलो लीलो चेवडो (आपला बडोद्याचा चिवडा) बरोबर दिला होता म्हणून. त्यातला दोन किलो त्या घराने संपवला असं ऐकलं.

दांडिया बाजारच्या ऑफिसला संध्याकाळी सहानंतर या, आपले सहा. दोन रात्रींचा चेक तयार ठेवते, आणि तिचं पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड आमच्या फाइलमध्ये राहिलंय ते पण घेऊन जा, ते आयुष्यभर चालतं, हरवू देऊ नका.