खेळाडूने फक्त खेळावे, असे म्हणणारे

दुबईत २४ ऑक्टोबर २०२१ रोजी पाकिस्तानविरुद्धच्या सामन्याआधी भारतीय क्रिकेट संघाने वर्णद्वेषाच्या निषेधार्थ मैदानावर गुडघा टेकला, तेव्हापासून पुण्यातील माझ्या मित्रांचे एक मत पक्के झाले आहे: वर्णद्वेष हा अमेरिकेचा घरगुती प्रश्न आहे, तो अंगावर ओढून घेण्याचे आपल्या खेळाडूंना कारण नाही, त्यांनी खेळावे. विषय कोणताही निघो, हे वाक्य येतेच, आणि इतक्या लांबून ते वाचताना माझे डोके फिरते.

मी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील सांता क्लारात राहतो. कॉलिन कॅपरनिक हा कृष्णवर्णीय खेळाडू ज्या फोर्टीनायनर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल रचणारा मुख्य खेळाडू होता, त्यांचे स्टेडियम घरापासून जवळच आहे. पोलिसांच्या हातून होणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या हत्यांचा निषेध म्हणून २०१६ मध्ये तो राष्ट्रगीताच्या वेळी आधी नुसता बसून राहिला. पुढे नेट बॉयर या माजी सैनिकाशी बोलणे झाल्यावर, सैनिकांचा अवमान वाटू नये म्हणून, त्याने गुडघा टेकायला सुरुवात केली. ज्याला उद्धटपणा म्हटले गेले, ती मुळात अदब राखण्यासाठी काढलेली वाट होती. तरीही त्याच्या जर्सी जाळल्या गेल्या आणि २०१७ पासून एकाही संघाने त्याला घेतले नाही. जून २०२० मध्ये, पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर, खेळाडूंचे आधी ऐकले नाही ही चूक अमेरिकन फुटबॉल लीगच्या (एनएफएल) आयुक्तांनी कबूल केली, पण त्या निवेदनात कॅपरनिकचे नाव नव्हते. माझे येथील काही सहकारीही तेव्हा थेट पुण्याच्याच सुरात बोलत होते, हे मी मित्रांना सांगत नाही; त्याने माझा मुद्दा लंगडा पडतो.

सॅन होजे विद्यापीठातील पुतळा मात्र मी प्रत्येक पाहुण्याला आवर्जून दाखवतो. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये पदक स्वीकारताना काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावणारे टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस हे कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटू तेथे उभे आहेत. रौप्यपदक विजेत्या पीटर नॉर्मन या गोऱ्या ऑस्ट्रेलियन धावपटूची जागा त्याच्याच इच्छेने रिकामी आहे, कोणीही तेथे उभे राहून साथ द्यावी म्हणून. स्मिथ आणि कार्लोस यांना तेव्हा संघातून काढून मायदेशी पाठवले होते. ‘खेळात राजकारण नको’ म्हणणाऱ्या एका मित्राने त्याच रिकाम्या जागी मूठ उंचावून फोटो काढून घेतला. जुने बंड सर्वांनाच आवडते.

आणि घरगुती प्रश्न कोणाचा? १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणाऱ्या बाळू पालवणकर या दलित गोलंदाजाला पुण्याच्याच जिमखान्यावर चहा वेगळ्या भांड्यातून मिळत असे. धर्मवार संघांच्या तेव्हाच्या मुंबईच्या स्पर्धेत हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच दिले गेले नाही. १९२० मध्ये विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या भावांनी निषेध म्हणून संघाबाहेर राहणे पत्करले, तेव्हा कुठे १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारतीय महिला हॉकी संघ उपांत्य सामना हरला, तेव्हा संघातील दलित खेळाडू वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके वाजवून जातीवाचक शिव्या दिल्या गेल्या. दुबईतील तो सामना भारत हरल्यावर मोहम्मद शमीला त्याच्या धर्मावरून काय काय ऐकावे लागले, ते तर माझ्या मित्रांना चांगले आठवते.

‘तू तिथे कधी गुडघा टेकलास का?’ असे त्यांच्यापैकी एकाने विचारले. नाही. स्टेडियममध्ये राष्ट्रगीत सुरू झाले की मी हातातला ग्लास खाली ठेवून शेजाऱ्यांहून ताठ उभा राहतो, कारण ग्रीन कार्डाची रांग अजून सरकते आहे आणि माझ्यासारखा माणूस बसून राहिला तर ते कोणाच्या डोळ्यांवर येईल, याचा भरवसा नाही. पुण्यावर मी जितक्या हक्काने रागावतो, तितका येथील कशावरही रागावत नाही. आणि पुण्यात त्या रागाला ‘तू तर निघून गेलास’ एवढेच उत्तर मिळते.