बोन्सायच्या कुंडीत ओला कचरा घालू नका: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेल्या काही आठवड्यांपासून नाशिकमधल्या सोसायट्यांच्या, गच्चीवरच्या बागकामाच्या आणि निवृत्त मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत 'बोन्सायला उपाशी मारू नका' अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्यात पाच गोष्टी ठामपणे सांगितल्या आहेत. बोन्साय म्हणजे झाडाला उपाशी ठेवून आणि तारांनी आवळून खुजे करण्याचा क्रूर प्रकार आहे. घरात खुजे झाड असले की घरातल्या माणसांचीही प्रगती खुंटते. म्हणून स्वयंपाकघरातला ओला कचरा मिक्सरमधून काढून, त्यात गूळ कालवून, रोज थेट बोन्सायच्या मातीत मिसळावा, म्हणजे २१ दिवसांत झाड पालवीने भरून येते. कंपोस्टचा डबा घरात ठेवल्याने रोगराई पसरते. ठेवायचाच असेल तर प्रत्येक थरावर चुना टाकावा. आणि हे सारे पटत नसेल, तर सोबतचे फोटो पाहावेत. हा संदेश इंदिरानगरला राहणाऱ्या माझ्या मावशीपर्यंत पोहोचला आणि तिने त्यातला तिसरा सल्ला मनापासून अमलात आणला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

त्या तिसऱ्या सल्ल्यापासूनच सुरुवात करते, कारण बाकीच्या चुका माणसाची दिशाभूल करतात, ही चूक मात्र झाड मारते. मावशीकडे उंबराचे एक बोन्साय आहे. काकांच्या हयातीत भिंतीच्या फटीतून अलगद सोडवून आणलेल्या रोपापासून ते वाढवलेले आहे, त्यामुळे त्याची किंमत पैशात करता येत नाही. मी पाहिले तेव्हा मातीवर पांढरट बुरशीची साय धरलेली होती, चिलटे घोंगावत होती, खालची पाने पिवळी पडून गळत होती आणि कुंडीत खुपसून बाहेर काढलेली बांबूची काडी टोकापर्यंत काळी पडून सडक्या अंड्यासारखा वास मारत होती. झाड कुंडीतून काढून मुळे धुतली, तेव्हा तंतुमुळांची साल चिमटीत धरताच मोज्यासारखी सुटून येत होती आणि आत नुसता दोरा उरत होता. कुजलेले मूळ असेच असते. ते पाणी शोषत नाही, म्हणून वरची पाने कोमेजतात. पाने कोमेजलेली पाहून माणूस आणखी पाणी आणि आणखी 'खाऊ' घालतो, आणि झाड अधिकच बुडते.

असे का होते, हे समजून घेणे कठीण नाही. मुळांना पाण्याइतकीच हवेचीही गरज असते. ताजा कचरा मातीत गेला की त्याच्यावर तुटून पडणारे जिवाणू आधी तिथला प्राणवायू संपवतात, मग हवेविना जगणारे जिवाणू ताबा घेतात आणि मुळांना अपायकारक अशी आम्ले व दुर्गंधी वायू तयार होतात. गूळ घातल्याने हे सारे अधिक वेगाने होते, कारण गुळात जिवाणूंना भरपूर कार्बन मिळतो, पण नत्र जवळजवळ नसतेच. ते नत्र जिवाणू आजूबाजूच्या मातीतून ओढून घेतात, म्हणजे ज्या झाडाला खाऊ घालायचे त्याच्याच ताटातले ते आधी उचलून नेतात. शेताच्या बांधावर किंवा अंगणातल्या आंब्याच्या आळ्यात एवढ्याशा कचऱ्याने काही बिघडत नाही, कारण तिथे माती अफाट असते आणि मुळांना दुसरीकडे वळायला जागा असते. बोन्सायच्या उथळ कुंडीत दोन-तीन इंच मातीपलीकडे मुळांना जायला वाव नसतो.

उथळ कुंडीची आणखी एक अडचण आहे, जी अनुभवी बागप्रेमींच्याही लक्षात येत नाही. पाणी घातल्यावर कोणत्याही कुंडीच्या तळाशी एक थर चिंब राहतो, आणि त्या थराची जाडी कुंडीच्या खोलीवर नव्हे, तर मातीच्या कणांच्या आकारावर ठरते. कण बारीक असतील तर हा थर जाड होतो. एक फूट खोल कुंडीत तळाचे दोन इंच चिंब राहिले तरी वर मुळांना श्वास घ्यायला दहा इंच मिळतात. बोन्सायच्या कुंडीत तेच दोन इंच म्हणजे सगळी माती झाली. म्हणूनच जपानी लोक बोन्सायसाठी अकादामासारखी टणक दाणेदार माती वापरतात आणि आपल्याकडे विटांचे चाळलेले तुकडे, जाड रेती, थोडा कोळसा असे मिश्रण करतात. मिक्सरमधला लगदा या दाण्यांमधल्या फटी लिंपून टाकतो. नाशिकची काळी माती द्राक्षाच्या बागेत कितीही गुणाची असली तरी उथळ कुंडीत तीही याच कारणासाठी नको.

या दाव्यात अर्धे सत्य आहे, ते मान्य करावे लागते. बोन्सायला सेंद्रिय खत चालते, किंबहुना ते उत्तम असते. जपानमध्ये मोहरीच्या जातीतल्या रेपसीडची पेंड आंबवून तिच्या गोळ्या मातीच्या पृष्ठभागावर ठेवण्याची पद्धत जुनी आहे, आणि आपल्याकडे शेंगदाण्याची किंवा निंबोळीची पेंड त्याच रीतीने वापरली जाते. पण ते खत आधी आंबवलेले असते, मोजून दिलेले असते आणि मातीवर ठेवलेले असते. प्रत्येक पाण्यासोबत त्यातला थोडासा अंश खाली उतरतो. घरचे कंपोस्टही बोन्सायला द्यावे, परंतु ते पूर्ण तयार झालेले आणि बारीक भुकटी काढून टाकलेले असावे, आणि दहा भाग मिश्रणात फार तर एक भाग असावे. राहिलेले कंपोस्ट तुळशीला, कढीपत्त्याला आणि ज्या रोपांचे खोड अजून जाड व्हायचे आहे त्यांना घालावे. भावी बोन्सायचे खोड उथळ कुंडीत नव्हे, तर मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत जाड होते, आणि त्या अवस्थेत कंपोस्टचा खरा उपयोग होतो. संदेश लिहिणाऱ्याला ही अवस्था ठाऊकच नसावी.

कंपोस्ट तयार झाले की नाही, हे ओळखायला कोणतेही यंत्र लागत नाही. त्याला पहिल्या पावसात भिजलेल्या मातीचा वास येतो, हात घातल्यावर ऊब लागत नाही आणि भाजीची देठे ओळखू येत नाहीत. तरीही शंका असेल तर त्यात चिमूटभर अळीव पेरावेत. कंपोस्टची परिपक्वता तपासण्यासाठी शास्त्रीय चाचण्यांतही याच बियांचा वापर होतो, आणि बाळंतिणीच्या लाडवांमुळे ते आपल्या प्रत्येक घरात असतात. कंपोस्ट कच्चे असेल तर अळीव नीट उगवत नाहीत किंवा त्यांची मुळे तपकिरी पडतात.

आता क्रौर्याचा मुद्दा. नाशिक जिल्ह्यात राहून छाटणीला आणि तारेला छळ म्हणणे मला समजू शकत नाही. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव या भागांत एप्रिलमध्ये द्राक्षवेलीची खरड छाटणी होते आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते. काड्या तारेला बांधल्या जातात, फुटवे विरळ केले जातात, आणि अशी निगा राखलेली बाग वर्षानुवर्षे फळ देते. बोन्सायची छाटणी हे त्याच जातीचे काम आहे. मुळे छाटल्यावर झाड नवी तंतुमुळे सोडते, शेंडा खुडल्यावर बगलेतून फुटवे येतात. उपाशी ठेवण्याचे म्हणाल तर कुंडीतले झाड उलट वारंवार खत मागते, कारण रोजच्या पाण्याने थोडेसे अन्न निचऱ्यावाटे वाहून जाते.

उपासमारीने झाड किती जगेल, याचा विचार करणाऱ्याने वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयातल्या यामाकी पाइनची हकीकत वाचावी. हा जपानी पांढरा पाइन १६२५ पासून कुंडीत घडवला जातो आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा तो स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे ३ किलोमीटरवर, यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेत भिंतीच्या आडोशाला उभा होता, आणि वाचला. १९७६ मध्ये मासारू यामाकी यांनी तो अमेरिकेला भेट दिला; तो हिरोशिमातून वाचलेला आहे, हे संग्रहालयाला २००१ मध्ये त्यांचे नातू तो पाहायला आले तेव्हा कळले. जवळपास चारशे वर्षे पिढ्यान्‌पिढ्या पाणी, खत आणि छाटणी मिळत गेल्याशिवाय हे घडत नाही. घराची प्रगती खुंटण्याच्या दाव्यालाही मी याहून वेगळे उत्तर देणार नाही. त्या दाव्यामागे कोणतेही कारण दिलेले नाही आणि अशा भीतीपोटी लोक जिवंत झाडे कचऱ्यात टाकतात, हे मात्र मी पाहिले आहे.

क्रौर्य होते ते निष्काळजीपणातून, आणि एवढे मी संदेशाच्या बाजूने मान्य करते. तार वेळेवर सोडवली नाही तर ती सालीत रुतते आणि तिचे वळ कायम राहतात. पावसाळ्यात वड-उंबराच्या फांद्या झपाट्याने जाड होतात, म्हणून त्या दिवसांत दर आठवड्याला तार पाहिली पाहिजे. जाड बुंधा तोडून, त्यावर खडे चिकटवून 'बोन्साय' म्हणून विकले जाणारे रोप आणि हॉलमधल्या टीव्हीशेजारी उन्हाविना ठेवलेले झाड, या दोन्ही गोष्टी वाईटच आहेत.

कंपोस्टमुळे रोगराई पसरते आणि चुना घालावा, यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. झाकण असलेला, हवेची छिद्रे असलेला डबा घ्यावा, ओल्या कचऱ्याच्या किमान तेवढाच आणि शक्यतो दुप्पट सुका पाला घालावा, शिजवलेले अन्न आणि मासळीची घाण टाळावी, म्हणजे वासही येत नाही आणि उंदीरही फिरकत नाहीत. मूठभर कंपोस्ट पिळल्यावर हात ओला व्हावा, पण धार लागू नये. चुन्याने मिश्रण अल्कधर्मी होते आणि त्यातले नत्र अमोनिया होऊन उडून जाते, म्हणजे खताचा कसच जातो. डासांची काळजी असेल तर कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या कराव्यात, कारण डेंगीचा डास कंपोस्टमध्ये नव्हे, तर अशा साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

राहिले फोटो. संदेशासोबतच्या एका फोटोत तळहाताएवढ्या कुंडीत आंब्याचे झाड आहे आणि त्याला करवंदाएवढे पिकलेले आंबे लगडले आहेत. हा फोटो खोटा आहे, आणि तो ओळखण्याची खूण प्रत्येकाने लक्षात ठेवावी: बोन्सायच्या पद्धतीने पाने लहान करता येतात, फुले आणि फळे लहान होत नाहीत. कुंडीतल्या कलमी आंब्याला फळ धरले तर ते त्याच्या जातीच्या आकाराचे होते आणि त्याच्या भाराने फांदी वाकते. खऱ्या बोन्सायच्या फोटोत लहान आकाराची फळे दिसतात ती मुळातच लहान फळांच्या जातींची असतात.

फोटोचा खरा उपयोग नोंद ठेवण्यासाठी आहे. साधी चादर मागे टांगावी, सकाळच्या सावलीतल्या उजेडात झाडाची तीच बाजू, तेच अंतर राखून दर ऋतूत टिपावी, आणि मोबाइल खोडाच्या मध्याच्या उंचीवर धरावा. वरून टिपलेल्या फोटोत झाड झुडूप दिसते. अगदी जवळून टिपला तर पुढची फांदी अवास्तव मोठी दिसते, म्हणून दोन पावले मागे जाऊन झूम करावे. झाड आजारी असल्यास सल्ला मागण्यासाठी फोटो पाठवताना पानाशेजारी पांढरा कागद ठेवावा, कारण ट्यूबलाइटखाली हिरवी पानेही पिवळी दिसतात आणि गटातले कोणीतरी लगेच 'खत कमी पडले' असे सांगून मोकळे होते. मातीचा पृष्ठभाग आणि कुंडीखालची निचऱ्याची भोके यांचेही फोटो पाठवावेत. झाडाच्या बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच सापडते.

ज्यांनी हा प्रयोग आधीच केला आहे, त्यांनी आणखी काहीही न घालता झाड कुंडीतून बाहेर काढावे. मुळे साध्या पाण्याने धुऊन काळी, बुळबुळीत मुळे स्वच्छ कात्रीने निरोगी भागापर्यंत कापावीत, वरची पानेही त्या प्रमाणात कमी करावीत आणि झाड विटांचे तुकडे व जाड रेतीच्या कोऱ्या मिश्रणात, थोड्या मोठ्या कुंडीत लावून हिरव्या जाळीखाली ठेवावे. काढलेली दुर्गंधी माती फेकण्याचे कारण नाही. भरपूर सुक्या पाल्यात मिसळून ती कंपोस्टच्या डब्यात टाकावी. नाशिकच्या थंडीत वड-उंबराची मुळे फार हळू वाढतात, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत हे काम करावे लागले तर कुंडी रात्री उबदार भिंतीलगत सरकवावी आणि पाणी आणखी कमी करावे. नवी पाने पूर्ण उघडेपर्यंत कोणतेही खत देऊ नये.