नर्सला जेलमधे टाकून लेबल बदलत नाही हो

तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल: हॉस्पिटलात चुकीचं औषध जातं कारण नर्सचं लक्ष मोबाईलमधे, दोन-चार जणींना आत टाका सगळं सरळ होईल, बाकी डॉक्टरांनी अक्षर सुधारावं, संपला विषय.

लक्ष नसतं म्हणे. २००६ ला अमेरिकेत इंडियानापोलिसमधे ६ अपुऱ्या दिवसांच्या बाळांना हेपरिन (रक्त गोठू नये म्हणून देतात ते) हजारपट गेलं, ३ बाळं दगावली. बाळांची बाटली मिलीलिटरला १० युनिटची, मोठ्यांची १०,००० ची, आणि दोन्हीवर निळंच लेबल, त्यात बाळांच्या कपाटात मोठ्यांच्या बाटल्या आधीच भरून ठेवलेल्या. वेगवेगळ्या नर्सनी त्याच उचलल्या, आता सगळ्याच मोबाईलवर होत्या का? पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसला अॅक्टर डेनिस क्वेडच्या जुळ्यांना सेम हेच झालं, ती वाचली.

आता जेल. अमेरिकेतल्याच टेनेसी राज्यात २०१७ ला एका नर्सने औषधं काढून देणाऱ्या मशीनच्या कपाटात औषधाची पहिली दोनच अक्षरं टाइप केली आणि झोपेच्या औषधाऐवजी स्नायू लुळे पाडणारं निघालं, पेशंट गेली. वॉर्निंग तिने पाहिल्या नाहीत हे खरंच, तिला सोडा असं मी म्हणत नाहीये. पण चूक तिने स्वतःच लगेच सांगितली होती, आणि २०२२ ला कोर्टाने तिला दोषी ठरवलं. मग पुढची कशाला सांगेल? आणि सांगितलंच नाही तर कळणार कसं कुठलं कपाट घोळ घालतंय? निदान पाच अक्षरं टाकल्याशिवाय औषध दाखवूच नये, हा उपाय अशा चुका उघड झाल्या म्हणूनच सुचला ना.

अक्षराचं बरोबर आहे, आपल्याकडे २०१६ पासून शक्यतो कॅपिटलमधे लिहा असा नियमच आहे. पण संधिवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, ती छापील प्रिस्क्रिप्शन असूनही लोक घरी रोज घेतात, तोंड सोलवटतं, रक्तपेशी कोसळतात, जीवसुद्धा जातो. वार लिहून घ्या, "सोमवारी" असा.

इन्सुलिनचं तर घरोघरी. आपल्याकडे बऱ्याचशा बाटल्या मिलीलिटरला ४० युनिटच्या, काही १०० च्या. लाल टोपीची सिरिंज ४० ची, केशरी १०० ची. १०० ची बाटली आणि लाल सिरिंज, २० च्या खुणेपर्यंत ओढलं की ५० युनिट गेले अंगात! केमिस्टकडून घेतानाच बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवून बघा, तिथेच, काउंटरवर.