पाच वर्षे बघायला नको? लाकडी डेकबाबतच्या एका लोकप्रिय संदेशाचा प्रतिवाद

कोकणात आणि घाटमाथ्यावर ज्यांनी घरापुढे किंवा शेतघराला उघडा लाकडी डेक करून घेतला आहे, त्यांच्यापर्यंत उन्हाळ्यात एक संदेश हमखास पोहोचतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर मात्र तोच राहतो. डेक सागवानी असेल तर त्याला मुळात फारसे काही लागत नाही. तरी करायचेच असेल, तर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जेट पंपाने आणि ब्लीचने तो लखलखीत धुवावा, मशीन लावून काचेसारखा गुळगुळीत घासावा, खालच्या वाशांना गॅरेजमधले जळके ऑइल फासावे, वर पारदर्शक चकचकीत पॉलिशचे तीन जाड थर चढवावेत, आणि मग पाच वर्षे बघायला नको. स्टेनबद्दल, म्हणजे लाकडात मुरणाऱ्या रंगीत लेपाबद्दल, त्यात एकच वाक्य असते: तो नुसता रंग आहे, नाही दिला तरी चालतो. या मजकुरातील काही गोष्टींत तथ्यांश आहे, आणि म्हणूनच तो अधिक नुकसान करतो. कारण सूचना अर्धवट खरी असली की माणूस ती उरलेल्या अर्ध्या भागासकट अमलात आणतो.

पहिले विधान सागवानाचे. साग टिकाऊ आहे यात वाद नाही, परंतु तो टिकाऊपणा झाडाच्या गाभ्याचा असतो. त्या गाभ्यातील तेलकट द्रव्यांमुळे वाळवी आणि कुजवणारी बुरशी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. गाभ्याभोवतीच्या पांढरट लाकडात ते गुण नसतात, आणि कमी वयाच्या लागवडीच्या सागात हाच पांढरट भाग मोठा असतो. बल्लारशाचा जुना साग आणि पंधरा-वीस वर्षांत तोडलेला लागवडीचा साग यांना बाजारात एकच नाव असले, तरी पावसात त्यांचे वागणे एक नसते. डेकच्या फळीच्या कडेला फिकट पिवळसर पट्टा दिसत असेल तर कूज आधी तिथेच धरेल, हे गृहीत धरावे.

शिवाय कुजणे आणि झिजणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. उत्तम साग कुजत नाही, पण उन्हात राखाडी पडतो, त्याला बारीक चिरा जातात आणि कुसळे निघतात. लाकडाचे धागे एकमेकांना धरून ठेवणारे लिग्निन नावाचे द्रव्य सूर्याच्या अतिनील किरणांनी तुटते, पाऊस ते धुऊन नेतो, आणि उरलेले सुटे धागे आपल्याला राखाडी दिसतात. हे किरण लाकडात एक दशांश मिलिमीटरही खोल जात नाहीत, त्यामुळे आतील लाकूड शाबूत राहते. ज्याला ती राखाडी छटा आवडते, त्याने सागाच्या गाभ्याचा डेक नुसता स्वच्छ ठेवून तसाच सोडला तर ते मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र ‘काही लागत नाही’ आणि ‘मला तो राखाडी चालतो’ या दोन वाक्यांत फरक आहे, आणि संदेश तो पुसून टाकतो.

धुण्याचा सल्ला अधिक घातक आहे, कारण त्याचा परिणाम त्या दिवशी सुंदर दिसतो. जेटची धार जवळून मारली की राखाडी थर निघून खालचे सोनेरी लाकूड उघडे पडते आणि मालक खूश होतो. पण तीच धार फळीतील मऊ भाग खोदून काढते आणि कडक भागाच्या कडा उभ्या ठेवते. वाळल्यावर बोट फिरवून पाहिले, तर फळीवर लव उभी राहिलेली आणि शिरांमध्ये खाचा पडलेल्या लागतात. पुढच्या पावसात पाणी आणि शेवाळ त्याच खाचांत बसतात. जेट वापरायचाच असेल तर दाब अगदी कमी, फवारा पसरट, नळी फळीपासून हातभर लांब आणि चाल नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने, अशी शिस्त हवी. खरे तर लांब दांड्याचा ताठ ब्रश, बादली आणि बागेची नळी एवढ्यात घरगुती डेक धुऊन होतो. ब्रश तारेचा मात्र नको, कारण लोखंडी तारेचे कण फळीत अडकून राहतात आणि तिथे काळे ठिपके उमटतात.

ब्लीचचेही तसेच आहे. घरगुती क्लोरीनयुक्त ब्लीच बुरशी मारते, हे खरे. पण ते लिग्निनवरही हल्ला करते, आणि जोरकस द्रावण वारंवार वापरल्यास लाकूड पांढुरके आणि भुसभुशीत होते. म्हणजे जे काम ऊन हळूहळू करते, तेच आपण विकतची बाटली आणून घाईने करतो. बाहेरच्या लाकडासाठी सोडियम परकार्बोनेट बरे. ते पाण्यात विरघळल्यावर ऑक्सिजन सोडते, मळ आणि शेवाळ सैल करते, आणि लाकडाला त्या मानाने कमी दुखावते. ते अल्कधर्मी असल्यामुळे साग धुतल्यानंतर काळपट दिसतो. त्यावर ऑक्झॅलिक ॲसिडचे सौम्य द्रावण फिरवून भरपूर पाण्याने धुतले की मूळ रंग परत येतो. स्क्रूच्या डोक्याभोवती जी काळीनिळी वलये दिसतात त्यांवरही हाच उपाय चालतो, कारण ती बुरशी नसून लाकडातील टॅनिन हे तुरट द्रव्य आणि स्क्रूचे लोखंड यांच्या संयोगाने झालेली एक प्रकारची शाई असते. कितीही ब्लीच ओतले तरी ती जाणार नाही. ॲसिडने ती गेली तरी स्क्रू साधाच ठेवला तर ती पुन्हा उमटेल. समुद्रकिनारी ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू महाग पडत असले तरी तेच घ्यावेत. ऑक्झॅलिक ॲसिड विषारी आहे. हातमोजे, चष्मा आणि पोरांना दूर ठेवणे हे सांगायला लागू नये, पण संदेशाने ब्लीचबाबतही ते सांगितलेले नाही.

‘काचेसारखा गुळगुळीत’ हा हट्ट दिवाणखान्यातील फर्निचरवरून आला आहे. मुरणारा स्टेन लाकडाच्या छिद्रांतून आत जातो. अतिबारीक कागदाने घासून ती छिद्रे दाबून टाकली, तर स्टेन वरच चिकट होऊन राहतो आणि पायाला लागून उचलला जातो. डेकसाठी ६० ते ८० नंबरचा भरड पॉलिश पेपर पुरतो. हात लावल्यावर कुसळ न लागणे हे माप, चकाकी हे माप नव्हे. मात्र फळ्यांच्या कापलेल्या टोकांना थोडा बारीक कागद मारावा, कारण टोके फळीच्या पाठीच्या मानाने फार जास्त स्टेन पितात आणि काळी दिसतात.

घासण्याबाबत एक इशारा त्या संदेशात हवा होता. डेक जुना असेल, लाकूड आयात पाइनचे आणि किंचित हिरवट झाक असलेले असेल, तर त्यावर तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या संयुगाची प्रक्रिया झालेली असू शकते. लाकूड टिकवण्याची ही पद्धत डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी १९३०च्या दशकात शोधली आणि ती जगभर पसरली. पुढे आर्सेनिकमुळेच अमेरिकेत २००३च्या अखेरीस घरगुती बांधकामाच्या लाकडासाठी तिचा वापर थांबला. अशा फळीची भुकटी श्वासातून आत जाऊ देऊ नये आणि तिचे तुकडे चुलीत तर मुळीच घालू नयेत.

जळक्या ऑइलबद्दल थोडक्यात. कुंपणाच्या खांबांना ते फासण्याची रीत जुनी आहे, आणि ते पाणी काही काळ अडवते हेही खरे. पण इंजिनात वापरलेल्या तेलात शिशासारख्या जड धातूंचा आणि कर्करोगकारक संयुगांचा अंश असतो. भारतात २०१६च्या घातक कचरा नियमांत वापरलेले तेल मोडते. पहिल्या मुसळधार पावसात ते वाशांवरून निथळून खालच्या मातीत जाते, आणि कोकणात त्या मातीखाली बहुतेक ठिकाणी कोणाची तरी विहीर असते. शिवाय ते कधीच सुकत नाही, त्यामुळे ज्या लाकडाला ते एकदा लागले त्यावर पुढे स्टेन धरत नाही. वाशांचे रक्षण करायचे असेल तर त्यांच्या माथ्यावर पाणी साचू न देणे आणि डेकखाली वारा खेळता ठेवणे याने जास्त काम होते.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे तीन जाड थर. बहुतेकांना हे पटते, कारण जाड कवच जास्त टिकणार असे मनाला वाटते. पण लाकूड स्थिर बसत नाही. हवेतील दमटपणाप्रमाणे ते पाणी घेते आणि सोडते. उन्हाळ्यात सुमारे १२ टक्के ओलावा असलेली फळी कोकणातल्या जुलै-ऑगस्टच्या हवेत, पाऊस थेट न लागताही, १९ टक्क्यांच्या आसपास जाते. साग हे कमी हलणारे लाकूड. तरीही पूर्ण ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत त्याची फळी रुंदीत ५.८ टक्क्यांपर्यंत आकसते. हे आकसणे साधारण ३० टक्के ओलाव्याखाली सुरू होते, म्हणजे ओलाव्याच्या दर टक्क्यामागे सुमारे ०.१९ टक्के. सात टक्क्यांच्या फरकाने १०० मिलिमीटरची फळी सव्वा मिलिमीटरहून अधिक फुगते, आणि दिवाळीनंतर पुन्हा तेवढीच आकसते. फळ्यांमध्ये फट ठेवतात ती यासाठीच. वर चढवलेला कडक पारदर्शक थर ही ये-जा किती पावसाळे सोसेल? जोडाच्या कडेला किंवा स्क्रूपाशी त्याला केसाएवढी चीर पडते, तिथून पाणी आत शिरते आणि थराखाली अडकून बसते. भर म्हणून खालून, उघड्या बाजूने, लाकूड ओल घेतच असते. ऊन पडले की ती वाफ वर यायला बघते आणि थराला फोड येतात. पारदर्शक थर अतिनील किरणांना पुरेसे अडवत नसल्याने त्याच्या खालचे लिग्निनही तुटत असते, म्हणजे थर ज्या पृष्ठभागाला धरून आहे तो पृष्ठभागच सुटा होतो. मग पोपडे निघतात. सरळ उभ्या दारावर हेच पॉलिश बरे टिकते. आडव्या, उन्हात तापणाऱ्या, पायांनी घासल्या जाणाऱ्या डेकवर ते टिकत नाही.

म्हणूनच स्टेन हा ‘नुसता रंग’ आहे हे विधान सर्वांत चुकीचे. त्यातील रंगद्रव्य, बहुधा लोह ऑक्साइड, हीच लाकडाची उन्हापासूनची सावली आहे. तेल किंवा रेझिन ते आत धरून ठेवते आणि मेणासारखे घटक पाणी परतवतात. अमेरिकेतील मॅडिसन येथील सरकारी वनोपज प्रयोगशाळेने १९५०च्या दशकात बाहेरच्या लाकडासाठी जे मिश्रण तयार केले, त्यात जवसाचे तेल, पॅराफिन मेण, बुरशीनाशक आणि रंगद्रव्य होते. त्यातील बुरशीनाशक आज विषारी म्हणून मागे पडले आहे, पण आत मुरायचे आणि पृष्ठभागावर पापुद्रा करायचा नाही, हे तत्त्व अजून तेच आहे. नुसते जवसाचे तेल मात्र कोकणात देऊ नये. दमट हवेत काळ्या बुरशीला ते चांगलेच मानवते.

स्टेन देताना डबा तळापासून ढवळावा, कारण रंगद्रव्य खाली बसते. दोन-तीन फळ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका दमात कराव्यात. मध्ये थांबल्यास ओल्या-सुक्या कडेचा गडद पट्टा कायमचा राहतो. फटींतील कडा आणि कापलेली टोके ब्रशने भिजवावीत, कारण टोकाकडून पाणी फळीच्या पाठीपेक्षा कितीतरी पट वेगाने शिरते आणि कूज बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. पंधरा-वीस मिनिटांत जेवढा मुरला नाही तेवढा स्टेन फडक्याने पुसून घ्यावा. दुकानदार दुसरा डबा देऊ करील. पण लाकूड पिऊ शकते त्यापेक्षा जास्त स्टेन देणे म्हणजे पुन्हा त्याच पापुद्र्याकडे जाणे होय.

मे महिन्याबाबत संदेश निम्मा बरोबर आहे. लाकूड कोरडे हवे, ओलावा १५ टक्क्यांखाली असावा, आणि मेमध्ये तो असतो. परंतु दुपारच्या तापलेल्या फळीवर स्टेन मुरण्याआधी सुकतो, आणि शेवटच्या आठवड्यात वळवाची सर आली तर सगळा पसारा वाया जातो. डिसेंबर ते मार्च हा काळ निवांत असतो: ऑक्टोबरात धुवावे, लाकडाला दोन महिने वाळू द्यावे, मग घासून लगेच, उन्हाने पृष्ठभाग पुन्हा मारण्याआधी, सकाळच्या वेळी स्टेन द्यावा. ओलावामापक नसेल तर फळीवर पाण्याचे चार थेंब टाकावेत. ते काही मिनिटांत आत शिरले तर लाकूड स्टेन घ्यायला तयार आहे. मण्यासारखे तसेच राहिले तर जुना थर अजून निघालेला नाही किंवा लाकूड ओलाव्याने भरलेले आहे.

राहिली पाच वर्षे. तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या रत्नागिरीसारख्या ठिकाणी उघड्या आडव्या लाकडावरील कोणत्याही अर्धपारदर्शक स्टेनबाबत ते वचन मी देणार नाही. दर दिवाळीनंतर तीच थेंबांची परीक्षा करावी आणि दर एक-दोन वर्षांनी, जिथे वावर जास्त आहे तिथे आधी, धुऊन एक पातळ हात द्यावा. मुरलेला स्टेन झिजत जातो, त्याचे पोपडे होत नाहीत, त्यामुळे नव्या हातापूर्वी काही खरवडावे लागत नाही. पॉलिशचा तुटका थर मात्र पूर्ण काढावा लागतो, आणि त्या मजुरीचा आकडा संदेशात कुठेच नसतो.

तेलाचा स्टेन पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते, आणि गोळा झालेल्या बोळ्यात ती साठून फडके आपोआप पेट घेऊ शकते. ती मोकळ्यावर एकेक पसरून वाळवावीत किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवावीत, आणि हे काम त्याच संध्याकाळी, सुतार निघण्यापूर्वी, करून घ्यावे.