खणखणीत खापर आणि हजार अंश

नमस्कार. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात निघालेल्या खापरांवरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही. तुमचे आक्षेप तीन. जोर्वे भांडी (ताम्रपाषाण काळातली, जोर्वे गावावरून नाव पडलेली) टिचकी मारली की धातूसारखी वाजतात, म्हणजे ती हजार अंशांवर भाजलेली असणार. तीन हजार वर्षं टिकलेलं खापर तपासणीसाठी कापणं हा करंटेपणा. आणि ‘माती स्थानिक’ हे मी कशाच्या जोरावर लिहिलं?

कापण्याचं आधी उरकतो. उत्खननात खापरं पोत्यांनी निघतात. नक्षीचे, काठाचे, तोटीचे तुकडे जपतात. काप घेतात तो बिननक्षीच्या नखाएवढ्या तुकड्याचा. तो घासत घासत 0.03 मिलिमीटरवर आणला की त्यातून उजेड आरपार जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली खनिजं ओळखता येतात.

आता आवाज. खणखणीतपणा एकट्या आचेचा नसतो. माती गाळून घेतलेली, अंग पातळ, भाजणी एकसारखी, तडा नाही, असं भांडं वाजतंच. शिवाय लोहाचं प्रमाण जास्त असलेली माती कमी आचेवरच घट्ट होऊ लागते. कानापेक्षा मला चुनखडी भरवशाची वाटते. आपल्या नदीकाठच्या मातीत तिचे खडे असतातच. साधारण 650 ते 850 अंशांच्या दरम्यान ती फुटून तिचा कळीचा चुना होतो. म्हणून चुनखडीचे मूळ कण शाबूत दिसले, तर हजार अंशांची गोष्ट तिथेच संपते.

पण इथे एक फसगत आहे. जमिनीत पुरलेल्या खापरात पाण्याबरोबर चुना नंतरही झिरपतो. क्ष-किरणांची तपासणी ‘चुनखडी आहे’ एवढंच सांगते, जुनी की नंतरची ते नाही. कापात मात्र कळतं: नंतरची चुनखडी छिद्रांच्या कडेनं अस्तरासारखी बसलेली असते. म्हणून नुसता यंत्राचा आलेख दाखवून कुणी तापमान सांगितलं, तर मीही तुमच्याइतकाच खवचट होतो.

राहिलं ‘स्थानिक’. इथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. इनामगावच्या घोड नदीचा गाळ काय, संगमनेरकडच्या जोर्व्याजवळचा प्रवरेचा काय, दोन्ही बेसॉल्टच्या, म्हणजे दख्खनच्या काळ्या दगडाच्या, झिजेचेच. कापात दोन्हीकडे प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सिन ही बेसॉल्टमधली खनिजंच दिसणार. ग्रॅनाइटी मुलखातलं भांडं अभ्रकामुळे चटकन वेगळं पडेल. पण पठारावरच्या एका खोऱ्यातलं भांडं दुसऱ्या खोऱ्यातल्यापासून नुसत्या कापावरून वेगळं काढणं अवघड. इनामगावात कुंभाराची भट्टी सापडली आहे, म्हणजे तिथे भांडी घडत होती. हातातलं खापर तिथलंच, हे त्यावरून ठरत नाही. लेखातला ‘स्थानिक’ शब्द खोडून ‘दख्खनच्या बेसॉल्टी मुलखातली’ असं केलं आहे.