युनिव्हर्सिटीत आपला माणूस

घरातला एक माणूस पोलिसात असावा, एक एसटीत आणि एक युनिव्हर्सिटीत, म्हणजे कुळाचं कुठे अडत नाही, असं आमच्या फलटणच्या घरात पूर्वीपासून मानतात. पोलिसात थोरले काका होते. एसटीत भाऊजी आहेत. तिसरी जागा बरीच वर्षं रिकामी होती, ती मी भरली.

झालं इतकंच, की सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागात मला पीएच.डी.ला प्रवेश मिळाला. विषय, नीरा नदीच्या काठावरचे गाळाचे थर. दिवसभर माती वाळवायची, चाळण्यांतून चाळायची, कुठल्या चाळणीत किती उरली ते वजन करून लिहायचं. आई शेजारणींना 'तो पुण्यात माती चाळतो' असं सांगते, आणि तिचं काही चुकत नाही. बाकी गोतावळ्याने मात्र यातून 'पोरगा युनिव्हर्सिटीत आत आहे' एवढाच अर्थ काढला. आत आहे म्हटल्यावर ओळख आलीच.

त्यांच्या मनातलं विद्यापीठ म्हणजे एक खिडकी. खिडकीच्या आत एक साहेब, साहेबांच्या टेबलावर सगळ्या मुलखाच्या मार्कशीटा आणि शेजारच्या खुर्चीत चहा पीत बसलेला मी. मी नुसतं 'साहेब, आपलाच भाचा आहे' म्हणायचा अवकाश, की भाच्याचा एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगचा गणिताचा पेपर, सुटला! कॅम्पसवरचे विभाग वेगळे आणि शेकडो संलग्न कॉलेजांच्या परीक्षांचा कारभार वेगळा, हे मी परोपरीने सांगून पाहिलं. भूगोलाच्या संशोधकाला निकालाचं विचारणं म्हणजे पोस्टासमोर राहणाऱ्याला मनीऑर्डर का आली नाही म्हणून जाब विचारणं, असंही म्हणून पाहिलं. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"समोरच राहतोस ना? मग जरा डोकावून बघायला काय होतं?"

डोकावायला माझी ना नाही. पण डोकावायचं नक्की कुठे? इथे माझा भूगोल कामाला येतो. १० फेब्रुवारी १९४९ ला हे विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा त्याच्या हद्दीत बारा जिल्हे होते. त्या काळात मी इथे असतो तर सगळ्या खानदानाचं निदान ऐकून तरी घेता आलं असतं. पुढे १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ निघालं आणि सातारा-सांगली तिकडे गेले. १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, जळगाव-धुळे तिकडे गेले. आमच्याकडे राहिले पुणे, नगर आणि नाशिक.

मामांचा मुलगा साताऱ्यात बी.कॉम.ला. त्याच्या दुसऱ्या वर्षाच्या अकाउंटन्सीत काहीतरी घोळ आहे, आणि तो घोळ मी सोडवावा अशी मामांची अपेक्षा. "मामा, नीरा ओलांडली की आमची हद्द संपली. पलीकडे कोल्हापूर." मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण तू नीरेवरच तर पीएच.डी. करतोस ना?" यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही. १९६२ ची गोष्ट मात्र मामांनी फार मनाला लावून घेतली. वाटणी झाली आणि आपल्याला कुणी विचारलं नाही, असा त्यांचा एकंदर सूर असतो. त्या वर्षी मामा जन्मालाही आलेले नव्हते.

याहून अवघड मामला नाशिकची मावशी आणि पुण्याची आत्या यांचा. मावशीचा मुलगा नाशकात इंजिनिअरिंगला, त्याचं विद्यापीठ पुण्यात. आत्याची मुलगी पुण्यात बी.ए.एम.एस.ला, तिचं विद्यापीठ नाशकात. कारण १९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं, राज्यातली डॉक्टर, वैद्य, नर्स होणारी पोरं त्याच्याकडे गेली, आणि त्याचं ठाणं नाशकात. मी दोघींना एकमेकींचे नंबर दिले आणि हात झटकून मोकळा झालो. या विद्यापीठातली माझी ही पहिली यशस्वी शिफारस ठरणार, असं वाटलं होतं. दोघींचं छान जमलं. आता दोघी मिळून कॉन्फरन्स कॉलवर मला घेतात.

एखादं प्रकरण खरंच आमच्या हद्दीतलं निघालं, तरी सुख नाही. एका चुलत भावाच्या चिरंजीवांचा निकाल काही केल्या लागेना. घरात आठवडाभर खल चालला. राजकारण असणार इथपर्यंत मजल गेली. मग कळलं, चिरंजीवांनी परीक्षेचा फॉर्मच भरला नव्हता. फीच्या पैशांतून मित्रमंडळी गोव्याला जाऊन आली होती. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि निष्कर्ष काढला, "तरी तुमची तिथे ओळख असती तर काहीतरी झालंच असतं."

फोन परवडले. प्रत्यक्ष येणारे त्याहून भारी. पुण्यातलं लग्न आटोपलं, दवाखाना झाला, सारसबाग झाली, की उरलेली दुपार माझ्या वाट्याला येते. हा कॅम्पस ४११ एकरांचा आहे आणि तो चालत बघायचा असतो, हे पाहुण्यांना रिक्षा परत पाठवल्यावर कळतं. मग वडाच्या प्रत्येक पाराशी थांबत, पाण्याची बाटली फिरवत वरात निघते.

मुख्य इमारत मी बऱ्यापैकी दाखवतो. हा मुंबईच्या गव्हर्नराचा पावसाळ्यातला बंगला. १८६४ ला काम सुरू झालं, १८७१ पर्यंत चाललं, आणि बार्टल फ्रिअर साहेबाने त्यावर इतका पैसा ओतला की विलायतेत पार्लमेंटपर्यंत बोभाटा झाला. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाची मेजवानी इथेच झाली, आणि इथून परतणाऱ्या रँडला चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर गाठलं. इथे पाहुणे सहसा हात जोडतात. थोरल्या काकांनीही जोडले. पण तीस वर्षांची पोलिसातली नोकरी कुठे जाईल? चार पावलं गेल्यावर हळूच म्हणाले, "बंदोबस्त कुणाकडे होता रे त्या दिवशी?"

पुढे त्यांना विद्यापीठाचं बोधचिन्ह दिसलं. चष्मा सावरून त्यांनी 'यः क्रियावान् स पण्डितः' मोठ्यांदा वाचलं, आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, "मग तुझं कधी?"

आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. आत्या आर्यभटाच्या पाया पडली. उरलेल्या तिघांना तिने कोऱ्या नजरेने पाहिलं. आयुका ही १९८८ साली स्थापन झालेली स्वतंत्र संस्था आहे, फक्त आहे कॅम्पसवर, असं मी सांगितल्यावर तिला हायसं वाटलं. एवढ्या मोठ्या माणसांत माझी ओळख नसली तर ती समजू शकते, म्हणाली.

एक प्रकार राहिलाच. 'एका रात्रीचा प्रश्न आहे, एमपीएससीचा पेपर देऊन सकाळीच निघतो' असं म्हणून होस्टेलवर येणारे. अशा माणसाला होस्टेलच्या भाषेत पॅरासाइट म्हणतात. आमचे एक दूरचे मेहुणे पूर्वपरीक्षेला आले ते मुख्य परीक्षा करूनच गेले. माझ्या रूमची चावी त्यांच्याकडे, माझी गादी त्यांच्याकडे, आणि मी जयकर ग्रंथालयात. ते जाताना मेसवाल्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला मात्र तो अजून त्यांचा पाहुणा समजतो.

तर आता माझा प्रबंध सादर झाला आहे. मौखिक परीक्षेची तारीखही लागली. ती खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं, हे मी बोलण्याच्या ओघात घरी सांगितलं. भाऊजींनी लगेच फलटण डेपोत गाडीची चौकशी केली. मावशी नाशिकहून परस्पर येणार. जेवण विद्यापीठाकडून असतं की आपण डबे आणायचे, हा प्रश्न आत्याने लावून धरला आहे. काका एक प्रश्न तयार करून आणणार आहेत, पण तो आत्ता सांगणार नाहीत, कारण मग परीक्षेला अर्थ उरत नाही. आई तेवढी म्हणाली की माती दाखवायला आण, लोकांना काहीतरी बघायला हवं.

मामांचा मात्र या गर्दीत उत्साह दिसेना. ज्या विद्यापीठाने १९६२ ला सोडलं तिथे कशाला जायचं, असं काहीसं त्यांच्या मनात असावं. मी आपला सहज बोलून गेलो, की बाहेरचे परीक्षक शिवाजी विद्यापीठातून येणार आहेत.

"कोल्हापूरचे?" मामा ताडकन उठले. "कुठल्या गाडीने येतायत?"

ते आता आतल्या खोलीत पोराची मार्कशीट शोधतायत.